रेल्वेचा सर्वात मोलाचा काळ कोणता? माझं मत घाटातल्या १५०० व्होल्टला

प्रश्न असा आला आहे: रेल्वेचे शौकीन साधारण कोणत्या काळात रमतात, वाफेच्या, डिझेलच्या की विजेच्या? आणि ज्याने प्रत्यक्ष रेल्वेत नोकरी केली त्याला विचारलं तर तो यातला कोणता काळ निवडेल?

थोडक्यात उत्तर आधी देतो. बहुतेक शौकिनांचं मन वाफेच्या इंजिनात अडकलेलं असतं. त्यांच्यापेक्षा तरुण मंडळी डिझेलवर, त्यातही आल्को या अमेरिकी कंपनीच्या घडणीच्या इंजिनांवर जीव टाकतात. मी कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये लागलो, पुढे लाइनवर गेलो आणि नोकरीचा मोठा भाग कर्जत-लोणावळा घाटात काढला. मला विचाराल तर मी १९२५ साली मुंबईत सुरू झालेला आणि २०१६ साली संपलेला १५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेचा काळ निवडेन, आणि त्यातही पहिली तीस-पस्तीस वर्षं. तो मी सगळा पाहिलेला नाही. पण त्या काळात घाटासाठी जे बांधलं गेलं त्यावरच आम्ही पुढे काम केलं, त्यामुळे त्याची किंमत मला कळली.

आधी बाकीच्या काळांबद्दल, कारण त्यांच्यावर प्रेम करणारे लोक चुकीचे नाहीत.

वाफेचं इंजिन सगळं उघड्यावर करतं. कोळसा, पाणी, धूर, पिस्टन, दांडे, चाकं, सगळं डोळ्यांसमोर. लहान मुलालासुद्धा उभ्या उभ्या कळतं की हालचाल कुठून निघाली आणि कुठे पोहोचली. आपल्याकडे या काळाचा चेहरा म्हणजे डब्ल्यूपी वर्गाचं इंजिन. १९४७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून पहिली इंजिनं आली. पुढे निमुळतं नाक आणि त्यावर चांदणी. मालगाड्यांसाठी डब्ल्यूजी. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली बाहेर पडलेलं पहिलं इंजिन याच वर्गाचं, त्याचं नाव 'देशबंधू'. आणि १९७० साली याच वर्गाचं शेवटचं इंजिन निघालं, त्याचं नाव 'अंतिम सितारा'. मीटरगेजची, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवरची, इंजिनं आणखी थोडा काळ बनली आणि १९७२ साली चित्तरंजनमध्ये वाफेच्या इंजिनांचं उत्पादन थांबलं. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित प्रवासी गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी फिरोजपूर-जालंधर मार्गावर शेवटची धावली. म्हणजे आज जे पन्नाशीत आहेत त्यांच्या लहानपणी हे इंजिन रोजचं होतं. त्यांना ते आवडणारच.

परदेशातही हेच दिसतं. ब्रिटनमधल्या शौकिनांना १९३० चं दशक प्रिय. ३ जुलै १९३८ रोजी 'मॅलार्ड' या इंजिनाने ताशी १२६ मैल, म्हणजे जवळपास २०३ किलोमीटरचा वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. अमेरिकेतली गोष्ट मला जास्त विचार करण्यासारखी वाटते. तिथे मॉडेल रेल्वे करणाऱ्यांचा सर्वात लाडका काळ साधारण १९४० ते १९६० चा, जेव्हा एकाच यार्डात वाफेचं जुनं इंजिन आणि नवं डिझेल शेजारी शेजारी उभं असायचं. त्याला ते संक्रमणाचा काळ म्हणतात. मॉडेल करणाऱ्याला दोन्ही प्रकारची इंजिनं एकाच पटावर ठेवता येतात हा त्यातला सोयीचा भाग. पण खरं आकर्षण असं की अशा काळात जुन्या आणि नव्या पद्धतीतला फरक रोजच्या कामात दिसतो.

आपल्याकडे हा संक्रमणाचा काळ फार लांबला. १९६२ साली आल्कोची डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं आली, १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली, आणि तरीही वाफ १९९५ पर्यंत टिकली. तीस वर्षं वाफ, डिझेल, डीसी वीज आणि एसी (सतत दिशा बदलणारी) वीज अशा चार पद्धती एकाच देशात एकाच वेळी चालू होत्या. त्यात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज. मिरज जंक्शनला एकेकाळी तिन्ही गेजचे रूळ होते: पुण्याहून येणारी मोठी लाइन, बंगळूरकडे जाणारी मीटरगेज आणि कुर्डुवाडी-लातूरकडची बार्शी लाइट रेल्वेची छोटी लाइन. ज्याला हमाली, ट्रान्सशिपमेंट (एका गेजच्या गाडीतला माल दुसऱ्या गेजच्या गाडीत भरणं), शंटिंग हे सगळं एका फलाटावर पाहायचं असेल त्याने मिरजेला उभं राहावं, असं जुने लोक सांगत. ज्यांचं लहानपण सांगली-मिरजेकडे गेलं त्यांनी १९७० आणि ८० ची दशकं निवडली तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

डिझेलवाल्यांबद्दल एवढंच: कोकण रेल्वे १९९८ पासून २०२२ पर्यंत मुख्यतः डिझेलवर चालली, आणि पावसाळ्यात पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावरून आल्को इंजिन जाताना ज्याने पाहिलं-ऐकलं, त्याची निवड मला समजते.

आता माझं मत का वेगळं पडतं ते सांगतो. काळ निवडताना बहुतेक लोक इंजिन निवडतात. मी डोंगर आधी पाहतो. एका ठरावीक अडचणीला त्या काळाने काय उत्तर दिलं आणि ते उत्तर किती पूर्ण होतं, हे मी बघतो. मुंबईच्या रेल्वेपुढची सर्वात मोठी अडचण होती सह्याद्री.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे सगळ्यांना पाठ आहे. पण चौतीस किलोमीटर सपाट जमिनीवर गाडी नेणं ही रेल्वेची परीक्षा नव्हती. परीक्षा होती कर्जत आणि कसाऱ्यानंतर. जेम्स बर्कली हा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजची मध्य रेल्वे) रेल्वेचा मुख्य अभियंता. त्याने बोरघाट आणि थळघाट अशा दोन वाटा आखल्या. दोन्हीकडे चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बोरघाटात २५ बोगदे आणि ८ मोठे पूल. १८६१ च्या सुमारास कामावर एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. पटकी, तापाच्या साथी, सुरुंग, दरडी यांत हजारोंनी मेले. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे येऊन काही आठवड्यांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे पूर्ण करून घेतलं. १८६३ साली बोरघाट खुला झाला, १८६५ साली थळघाट.

पण ते उत्तर अर्धवट होतं. खंडाळ्याच्या आधी डोंगराने जागाच दिली नाही म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागलं. गाडी एका टोकापर्यंत जायची, थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि मग गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. त्या टोकाला जागा जेवढी तेवढीच गाडी लांब. इंजिन बदलण्यात वेळ. उतरताना तिथे ब्रेक फसला तर पुढे दरी. साठ-पासष्ट वर्षं मुंबई आणि दख्खन यांच्यातला सगळा माल आणि सगळी माणसं या एका अडचणीतून जात होती. वाफेच्या काळाचं कौतुक करताना हा भाग विसरला जातो. बोगद्यात ३७ ला १ चढावर पूर्ण रेग्युलेटर (वाफेची झडप) उघडून चाललेल्या इंजिनाच्या फुटप्लेटवर, मागून दुसरं इंजिन ढकलत असताना, फायरमनला श्वास कसा घेता येत असेल याचा विचार मी नेहमी करतो.

हिशेब सोपा आहे, आणि तो केल्याशिवाय घाट कळत नाही. ५०० टनांची गाडी ३७ ला १ चढावर नुसती धरून ठेवायला सुमारे साडेतेरा टनांचा जोर लागतो. पाचशे भागिले सदतीस. यात घर्षण नाही, वळणांचा विरोध नाही, इंजिनाचं स्वतःचं वजनही नाही. डब्ल्यूपीसारख्या पुढच्या काळातल्या ताकदवान इंजिनाचा सुरुवातीचा जोर जवळपास चौदा टन. म्हणजे ५०० टनांची गाडी आणि स्वतःचं दीडशे टनांहून जास्त वजन घेऊन ते एकटं इथे निघूच शकलं नसतं. आजची हजार टनांची गाडी असेल तर सत्तावीस टन जोर फक्त उतारावर मागे घसरू नये म्हणून. घाटात ताकदीपेक्षा चाकाची पकड महत्त्वाची, आणि पावसाळ्यात, ओल्या रुळावर पडलेल्या पाचोळ्यावर, ती पकड कधी जाईल सांगता येत नाही.

१९२० च्या दशकात जीआयपीने जे केलं त्यात मला खरी बुद्धी दिसते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. बीबीसीआय रेल्वेने (आजची पश्चिम रेल्वे) १९२८ साली कुलाबा-बोरिवली विजेवर आणली. पण तिथे थांबले असते तर ती फक्त लोकलची गोष्ट राहिली असती. जीआयपीने वीज थेट घाटावर नेली: १९२९ साली पुण्यापर्यंत आणि १९३० साली इगतपुरीपर्यंत. त्यासाठी ठाकुर्लीला स्वतःचं वीजघर बांधलं, तेच चोळा पॉवर हाउस. आणि विजेसोबत घाटातला मार्गही बदलला. खंडाळ्याकडे नवे बोगदे काढून रिव्हर्सिंग स्टेशन कायमचं बंद केलं. (थळघाटातलं त्याआधीच गेलं होतं.) वीजघर, तारा, सबस्टेशनं, नवा मार्ग, घाटासाठी मुद्दाम बनवलेली इंजिनं आणि शेवटी त्या मार्गावर धावणारी नवी गाडी, हे सगळं पाच-सहा वर्षांत एका विचाराने उभं राहिलं. आपल्या रेल्वेच्या इतिहासात इतकं सलग काम मला कोकण रेल्वे सोडली तर दुसरं दिसत नाही.

आता इंजिनं. मालगाड्यांसाठी ईएफ-१ वर्ग आला, त्याला पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले. एकूण ४१ इंजिनं. पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात बनली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत, आणि विजेचं काम मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं. मध्ये केबिन, दोन्ही टोकांना लांब नाक, आणि तीन भागांत वळणारं अंग, त्यामुळे घाटाच्या वळणांवर ते रुळाला धरून जायचं. जगभर या घडणीच्या इंजिनांना क्रोकोडाइल म्हणतात. आपल्या शेडमधली माणसं त्याला 'खेकडा' म्हणायची. वजन १२३ टन, ताकद २६१० अश्वशक्ती. मोटारी विजेच्या, पण चाकांना जोडणारे दांडे वाफेच्या इंजिनासारखे बाहेर दिसणारे. उभं असताना त्यातून कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि चालताना दांड्यांचा सपसप आवाज. ज्यांना वाटतं की विजेच्या इंजिनाला व्यक्तिमत्त्व नसतं त्यांनी एकदा खेकड्याचं चलचित्र आवाजासकट पाहावं.

प्रवासी गाड्यांसाठी ईए-१, म्हणजे पुढचं डब्ल्यूसीपी-१. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचीच, २१६० अश्वशक्तीची, वेगाला चांगली. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन याच इंजिनांनी ओढली.

डेक्कन क्वीनवर इतकं लिहिलं जातं की मी थोडंच लिहितो. सुरुवातीला ती शनिवार-रविवारची गाडी, पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्यांसाठी. सात-सात डब्यांचे दोन रेक. एक चंदेरी रंगाचा, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या चौकटी इंग्लंडहून आल्या आणि डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. माटुंग्याच्या कारागिरांचा हा वाटा ठळकपणे सांगितला पाहिजे, कारण फोटोखाली नेहमी इंग्रज कंपनीचं नाव असतं. तेव्हा फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला या गाडीत बसायला १९५५ साल उजाडावं लागलं. तिचं खरं महत्त्व मला वेगळ्या ठिकाणी दिसतं. रिव्हर्सिंग स्टेशन असतं तर ती गाडी शक्य नव्हती. वाफ असती तरी शक्य नव्हती. लोक रंग आणि डायनिंग कार आठवतात, पण ती गाडी घाटातल्या नव्या बोगद्यांनी आणि चोळ्याच्या वीजघराने दिलेली आहे.

हे सगळं चालवायचं कसं, यात मला जास्त रस आहे.

डीसी इंजिनात मोटारी आधी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडलेल्या असतात. एकदम पूर्ण वीज दिली तर मोटार जळेल, म्हणून मध्ये रेझिस्टन्स, म्हणजे प्रवाह अडवणारा रोध. ड्रायव्हर हँडलचा एक एक टप्पा, म्हणजे नॉच, लावत जातो तसा रेझिस्टन्स कमी होतो. सगळा निघाला की मोटारी सिरीज-पॅरललमध्ये, मग पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी. प्रत्येक गटात फक्त शेवटचा नॉच आणि त्यापुढचे फील्ड (मोटारीचं चुंबकत्व) कमी करायचे नॉच असे असतात की ज्यांवर तुम्ही निवांत राहू शकता. मधल्या नॉचवर जास्त वेळ राहिलात तर रेझिस्टन्स तापतो आणि वीज नुसती उष्णतेत जाते. सपाटीवर ही अडचण नाही. घाटात आहे. हजार टन मागे आहेत, पुढे वळण आहे, रूळ ओला आहे, अँमीटरचा काटा वर चढलाय आणि चाक घसरायला लागलं. नॉच खाली घेतला तर गाडी बसते, वर राहिला तर चाक फिरतं. वाळू सोडायची, काट्यावर नजर ठेवायची आणि कानाने ऐकायचं. आजच्या थ्री-फेज इंजिनात हे काम संगणक करतो आणि माणसापेक्षा चांगलं करतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तेव्हा ते ड्रायव्हरच्या मनगटात होतं.

मागे बँकर. कर्जतला गाडीच्या शेपटाला इंजिनं जोडतात, गाडी किती जड त्यावर दोन की तीन, आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलत येतात. प्रवासी तेवढ्यात वडे खातात आणि त्यांना धक्का बसला की कळतं, बँकर लागले. पुढच्या आणि मागच्या ड्रायव्हरांत वॉकी-टॉकी नव्हती तेव्हा शिट्टीवर काम चालायचं. पुढून शिट्टी, मागून उत्तर, मग दोन्हीकडून सावकाश नॉच. पुढचा घाईने सुटला तर मध्ये कपलिंग तुटायची भीती, मागचा घाईने सुटला तर डबे दाबले जाण्याची. पुढचा ड्रायव्हर वळणापलीकडे असतो, दिसत नाही. त्याचा हात कसा आहे हे गाडीच्या ओढीवरून कळायला लागतं. मी बँकरवर असताना पळसदरी सुटलं की पुढे कोण आहे हे बऱ्याचदा नाव न विचारता ओळखता यायचं. असं कळणं हे त्या काळाचं वैशिष्ट्य होतं असं मी मानतो.

उतरताना गोष्ट उलटी. बाहेरच्या माणसाला चढ अवघड वाटतो, आम्हाला उतार. घाटात ठरावीक ठिकाणी कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गापासून फुटून डोंगरावर चढणारी लाइन. तिचे पॉइंट (रूळ वळवणारे सांधे) नेहमी सायडिंगकडेच वळवलेले असतात. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबली पाहिजे, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध झालं. मगच पॉइंट मुख्य मार्गाकडे फिरतात. थांबली नाही तर गाडी आपोआप चढावर जाऊन अडकते. मंकी हिलच्या परिसरात गाडी विनाकारण उभी राहिली म्हणून प्रवासी वैतागतात. ती विनाकारण नसते.

आणि रीजनरेशन. उतरणाऱ्या गाडीच्या मोटारी जनरेटर बनतात, गाडीला धरून ठेवतात आणि वीज परत तारेत देतात. तीच वीज त्याच वेळी चढणारी गाडी वापरते. खेकड्यात ही सोय १९२० च्या दशकात होती. आज प्रत्येक नव्या गाडीच्या बातमीत ब्रेक लावताना वीज परत मिळते हे नवलाईने लिहिलेलं असतं. बोरघाटात ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे. उतरणारं ओझं चढणाऱ्याला हात देतं, विहिरीवरच्या रहाटाला दोन्ही बाजूंनी बादल्या बांधाव्यात तसं. रेल्वेतली इतकी सुंदर कल्पना मला दुसरी माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर डब्ल्यूसीएम वर्गाची इंजिनं आली. १९५४-५५ च्या सुमारास इंग्लिश इलेक्ट्रिकची डब्ल्यूसीएम-१, पुढे हिताचीची डब्ल्यूसीएम-४. आणि १४ ऑक्टोबर १९६१ रोजी चित्तरंजनला बनलेलं पहिलं विजेचं इंजिन पंडित नेहरूंच्या हस्ते रुळावर आलं. ते डब्ल्यूसीएम-५ वर्गाचं, १५०० व्होल्ट डीसीचं, म्हणजे आपल्या घाटासाठीचं. त्याचं नाव 'लोकमान्य'. देशात बनलेलं पहिलं मेनलाइन विजेचं इंजिन टिळकांच्या नावाने मुंबई-पुणे मार्गासाठी बनलं, हे मराठी रेल्वेप्रेमींनाही क्वचित माहीत असतं. वाफेचं 'देशबंधू' मात्र सगळे सांगतात.

मग हा काळ का संपला? कारण पूर्णपणे तांत्रिक आहे आणि योग्य आहे. ३००० किलोवॅट ताकद घ्यायची तर १५०० व्होल्टवर २००० अँपिअर प्रवाह लागतो. तेच २५,००० व्होल्टवर १२० अँपिअर. म्हणून डीसीला जाड तारा, आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन. गाड्या लांब आणि जड होत गेल्या तशी तार पुरेना. देशाने १९५७ साली २५,००० व्होल्टचं एसी स्वीकारलं तेव्हाच मुंबईचं डीसी बेट होणार हे ठरलं होतं. पुढची पन्नास वर्षं इगतपुरीला आणि विरारला इंजिनं बदलण्यात, किंवा दोन्ही विजेवर चालणारी डब्ल्यूसीएएम वर्गाची इंजिनं बनवण्यात गेली. पश्चिम रेल्वेची लाइन २०१२ साली पूर्ण एसी झाली, मध्य रेल्वेची मुख्य लाइन २०१५ साली, आणि हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री धावली. जिथे सुरुवात झाली त्याच मार्गावर शेवट.

आता पुश-पुल (पुढे आणि मागे दोन्हीकडे इंजिन असलेली) राजधानी २०१९ पासून बँकर न लावता कसारा घाट चढते आणि २०२३ पासून वंदे भारत दोन्ही घाट चढते. चढ तोच आहे, ३७ ला १. मला त्या गाड्या बघायला आवडतात. बँकर लागत नाहीत म्हणून वाईट वाटण्याचं कारण नाही. वेळ वाचतो आणि कर्जतला धोक्याचं काम कमी होतं.

तरीही शौकिनांच्या यादीत डीसीचा काळ खाली का राहतो, याचं मला जे उत्तर सापडतं ते असं. वाफ गेली तेव्हा सगळ्या देशाला कळलं. निरोपाच्या गाड्या निघाल्या, फोटो निघाले. डीसी फक्त मुंबईच्या भोवती होतं, आणि ते मेगाब्लॉकच्या रात्रींमध्ये तुकड्या-तुकड्याने गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल वेळेवर आली की नाही एवढंच लोकांनी पाहिलं. शिवाय उत्तरेतल्या किंवा दक्षिणेतल्या शौकिनाने हे इंजिन कधी पाहिलेलंच नसतं. त्यामुळे ही जबाबदारी आपल्याकडच्या लोकांवर येते, आणि ती आपण नीट पार पाडलेली नाही असं माझं स्पष्ट मत आहे. घाटात पिढ्यानपिढ्या बँकर चालवणाऱ्या कर्जत, लोणावळा, कसारा, इगतपुरीच्या घरांतल्या आठवणी नोंदवल्या गेलेल्या नाहीत. इगतपुरीत तर अशी घरं आहेत जिथे आजोबा वाफेवर, वडील डीसीवर आणि मुलगा एसीवर आहे. एकाच घरात तिन्ही काळ.

ज्यांना हा काळ पाहायचा आहे त्यांच्यासाठी काही सूचना. खेकडा पाहायचा तर सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत 'सर लेस्ली विल्सन' हे इंजिन उभं आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातही एक आहे. फक्त नाक आणि केबिन बघून परत येऊ नका, वाकून दांडे आणि जॅकशाफ्ट पाहा, मोटारीची ताकद चाकापर्यंत कशी येते ते तिथे समजतं. डेक्कन क्वीनला जोडलं जाणारं डब्ल्यूसीपी-१ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, त्याचं नाव 'सर रॉजर लम्ली'. जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या खुणा खंडाळ्याजवळ अजून आहेत. तिथे जाल तर चालत्या रुळांच्या जवळ जाऊ नका. घाटात उतरणाऱ्या गाडीचा आवाज वळणामुळे उशिरा येतो, आम्हा लोकांनाही तो फसवतो.

गाडीतूनच बघायचं असेल तर पुण्याकडे जाताना दिवसाची गाडी घ्या, पावसाळा असेल तर उत्तम. कर्जतला खाली उतरून बँकर जोडताना पाहा, पण हिरवा झेंडा दिसायच्या आत डब्यात चढा. पळसदरीनंतर कॅच सायडिंग शोधा: मुख्य मार्गापासून निघून अचानक वर जाणारी आणि कुठेच न पोहोचणारी लाइन. ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावं पाहत जा. आणि जमलं तर परतीचा प्रवासही दिवसाच करा, कारण घाटाचं खरं काम उतरतानाच दिसतं.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात १९६०, ७० किंवा ८० च्या दशकात मध्य रेल्वेत काम केलेलं कोणी असेल, तर त्यांच्याकडचे फोटो, वर्किंग टाइमटेबल, शेडच्या वह्या रद्दीत देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलने स्टेशन, साल, इंजिनाचा नंबर आणि त्यातल्या माणसांची नावं लिहून ठेवा. नंबर वाचता येत नसेल तर त्या घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा.